पंचवीस पाहुण्यांचा बेक्ड पास्ता

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला पंचवीस माणसं जेवायला आहेत. मी बेक्ड पास्ता लाल आणि पांढरा असे दोन्ही सॉस करून, थर लावून करते. एवढ्या जणांसाठी तो सोपा कसा करू?

उत्तर : पांढरा सॉस सरळ वगळा. सगळा वेळ तोच खातो. दोन-तीन लिटर दूध घोटत बसायचं, वर गुठळ्या सांभाळायच्या. टोमॅटोच्या सॉसमध्येच शेवटी थोडं क्रीम घाला. थरही नकोत. पेने, सॉस आणि परतलेल्या भाज्या मोठ्या पातेल्यात कालवून ट्रेमध्ये ओता. चवीत काही उणं राहत नाही.

सोबत इतर पदार्थ असतील तर माणशी ६० ग्रॅम कोरडा पास्ता पुरे, म्हणजे दीड किलो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच तो उपसा. ओव्हनमध्ये पुन्हा शिजतोच. आणि सॉस तुम्हाला योग्य वाटतो त्याहून पातळ ठेवा. याकडे खरंच लक्ष द्या. पास्ता नुसता ठेवला तरी रस शोषत राहतो आणि घट्ट सॉस असेल तर सगळं कोरडं ठणठणीत होतं. पास्ता उकळलेलं पाणी दोन-तीन वाट्या राखून ठेवा, त्यानेच सॉस सैल करा.

ट्रे आदल्या रात्री भरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात. दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर फॉइल लावून अर्धा तास, मग फॉइल काढून, चीज पसरून दहा मिनिटं. घरच्या ओटीजीत एका वेळी एकच ट्रे मावतो, तेव्हा पहिला तासभर आधी लावा. ट्रे काचेचा असेल तर फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतो.