गर्भिणीचा उच्च रक्तदाब आणि बीटा-ब्लॉकर औषधे

लोणार येथील आमच्या चिकित्सालयात एक गर्भिणी पायांवरील शोथासाठी औषध मागण्यास आली. पाचवा मास चालू होता. रक्तदाब १४८/९६ भरला. कोणते औषध चालू आहे असे विचारता तिने पिशवीतून अ‍ॅटेनोलॉल ५० मि.ग्रॅ.ची स्ट्रिप काढून दाखविली. वर्षापूर्वीच्या एका चिठ्ठीवर ती दरमहा तेच औषध दुकानातून नेत होती. मध्यंतरी दिवस गेले, हे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पुनर्नवा देऊन तिला घरी पाठविणे सोपे होते. स्ट्रिप न पाहता आम्हीही पूर्वी कधी तसे केले नसेल, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बीटा-ब्लॉकर हा गण एकजिनसी नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. हृदयाची गती व आकुंचनाचा जोर कमी करणे हे त्यांचे समान कर्म. अ‍ॅटेनोलॉल मुख्यतः एवढेच करते. लेबेटालॉल मात्र अल्फा रिसेप्टरांनाही रोधून रक्तवाहिन्या शिथिल करते, त्यामुळे अपरेकडे जाणारा रक्तप्रवाह सहसा टिकून राहतो. १९९० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गर्भावस्थेच्या पूर्वार्धात अ‍ॅटेनोलॉल सुरू केलेल्या मातांच्या बालकांचे सरासरी वजन २६२० ग्रॅम, तर निष्क्रिय गोळी घेतलेल्यांच्या बालकांचे ३५३० ग्रॅम भरले. चाचणीतील स्त्रिया थोड्या होत्या. परंतु फरक दुर्लक्षिण्याजोगा नव्हता, आणि गर्भिणीस अ‍ॅटेनोलॉल टाळावे हेच मत पुढे दृढ झाले.

लेबेटालॉलविषयी आपल्या विदर्भातच मोलाचे काम झाले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व डागा स्मृती स्त्री रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात, रक्तदाब १६०/११० च्या घरात गेलेल्या ८९४ गर्भिणींना तोंडावाटे निफेडिपिन, लेबेटालॉल वा मिथिलडोपा यांपैकी एक औषध देऊन तुलना करण्यात आली. सहा तासांत, उपद्रवाविना रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ व ७६ टक्के आले. निफेडिपिन थोडे पुढे राहिले. तथापि साध्या गोळ्यांनी तिन्ही गटांतील बहुसंख्य स्त्रियांचा धोका टळला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. शिरेवाटे औषध देण्याची सोय जेथे हाताशी नसते, अशा आपल्या तालुक्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. सौम्य वाढ तशीच सोडावी, हा समजही आता मागे पडला आहे. अमेरिकेतील २४०८ गर्भिणींच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवल्याने गंभीर उपद्रव घटले, आणि कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. त्यात सर्वाधिक वापर लेबेटालॉलचाच होता.

आमच्या रुग्णेचे अ‍ॅटेनोलॉल आम्ही तेथल्या तेथे थांबविले नाही. हे औषध एकाएकी तोडल्यास नाडी व रक्तदाब उसळी घेतात. सविस्तर चिठ्ठी देऊन त्याच दिवशी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तेथे औषध बदलून लेबेटालॉल दिले गेले. चिठ्ठीत तमक श्वासाचा इतिहास नसल्याचे मुद्दाम नमूद केले होते, कारण दमा, हृदयगती अतिमंद असणे अथवा हृदयाचे वहन अवरुद्ध असणे, यांत लेबेटालॉल वर्ज्य आहे. प्रसूतीनंतर बालकाची नाडी मंद होत नाही ना, रक्तातील साखर उतरत नाही ना, हे पाहावे लागते.

येथे आपल्या बांधवांस एक स्पष्ट विनंती. अ‍ॅटेनोलॉल वाईट, म्हणून त्याजागी सर्पगंधा, असा विचार कोणी करू नये. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचे रक्तदाबशामक गुण जगापुढे मांडले, याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु तिच्यातील रिसर्पिन अपरा ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. नवजाताचे नाक चोंदते, ते सुस्त पडते, स्तनपान घेत नाही. नाकानेच श्वास घेणाऱ्या तान्ह्या बाळाला चोंदलेले नाक किती घातक, हे सांगणे नको. यष्टीमधूचेही तसेच. त्यातील ग्लिसिऱ्हायझिन सोडियम व जल साठविते, पोटॅशियम घटविते. रक्तदाब वाढलेल्या गर्भिणीस मासानुमासिक योगांतूनही ते वगळावे, असे आमचे मत आहे.

औषधविक्रेत्यांनी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांच्याविषयी अधिकच सावध राहावे. ही औषधे गर्भाच्या वृक्कांस इजा करतात. प्रजननक्षम वयातील स्त्री जुनी चिठ्ठी घेऊन आली, तर ‘ताई, पाळी चुकली आहे का?’ एवढे विचारण्यास संकोच नसावा. घरातील पुरुष औषध नेत असेल, तर त्यालाही विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास गोळ्या बंद करा असे परस्पर न सांगता त्याच दिवशी चिकित्सकाकडे पाठवावे. तीव्र शिरःशूल, दृष्टी अंधुक होणे, पोटाच्या वरच्या भागी वेदना, यांपैकी काही असल्यास वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, विशेषतः तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, रक्तदाब पुन्हा चढतो. तेव्हा सूतिकेचा रक्तदाब मोजणे सोडू नये. स्तन्यात लेबेटालॉल अल्प उतरते, अ‍ॅटेनोलॉल त्याहून बरेच अधिक. घरात उरलेली जुनी स्ट्रिप सूतिकेने पुन्हा सुरू केलेली नाही ना, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.