मॅगसेसे कोण होते? : पवनार, मनिला आणि फिलिपिनो माणसे

(बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी)

सामान्यज्ञानाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : ‘आशियाचे नोबेल’ असे कोणत्या पुरस्कारास म्हणतात? उत्तर आपणा सर्वांना पाठ आहे : रॅमन मॅगसेसे पुरस्कार. वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तर हे नाव जवळचे वाटावे. १९५८ साली हा पुरस्कार प्रथमच दिला गेला, तेव्हा सामुदायिक नेतृत्वाचा मान पवनारच्या आचार्य विनोबा भावे यांना मिळाला. १९८५ साली बाबा आमटे त्याचे मानकरी झाले. त्यांचा जन्म १९१४ सालचा, आपल्या हिंगणघाटचा. पुढे २००८ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचाही याच पुरस्काराने गौरव झाला.

परंतु मॅगसेसे हे गृहस्थ कोण? हा प्रश्न मी वर्गातील मैत्रिणींना विचारला. एक म्हणाली, “कोणी तरी इंग्रज लॉर्ड असतील.” दुसरी म्हणाली, “अमेरिकेचे उद्योगपती.” मला हसू आले नाही, कारण महिनाभरापूर्वी मलाही ठाऊक नव्हते. मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते, हे ग्रंथालयात बसल्यावर कळले.

हा लेख लिहिते आहे असे मी गावातील एका दादाला सांगितले. तो काही वर्षे आखातात वायरमन होता. तो म्हणाला, “बाई, ते त् लोकाइच्या घरची भांडीधुनी करनारे लोक. त्याइच्यावर काय लेख लिवतं?” हे वाक्य माझ्या मनाला लागले. का लागले ते शेवटी सांगते.

देशाची थोडी ओळख

फिलिपिन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. स्पेनच्या फिलिप या राजपुत्रावरून त्याला हे नाव पडले, म्हणजे देशाचे नावसुद्धा परक्या राज्यकर्त्याने दिलेले. स्पेनची सत्ता तेथे १५६५ पासून तीन शतकांहून अधिक काळ होती. १२ जून १८९८ रोजी फिलिपिनो लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि १८९९ च्या जानेवारीत मालोलोस येथे स्वतःचे प्रजासत्ताक स्थापन केले. आशियातील अगदी आरंभीच्या प्रजासत्ताकांत त्याची गणना होते. परंतु स्पेनने ती बेटे अमेरिकेच्या हवाली केली होती. पुन्हा युद्ध झाले, पुन्हा पारतंत्र्य आले. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा आल्या. अखेर ४ जुलै १९४६ रोजी हा देश स्वतंत्र झाला, आपल्या आधी जेमतेम एक वर्ष.

या लढ्याचे प्रेरणास्थान होते डॉ. होजे रिझाल (१८६१–१८९६). ते नेत्रवैद्य होते आणि स्वतःच्या आईच्या डोळ्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केली होती. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत त्यांनी धर्मसत्तेचा जुलूम उघडा केला. आपल्याकडे महात्मा फुले ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ मधून धर्माच्या नावाने चाललेल्या लुटीवर आसूड ओढीत होते, त्याच सुमाराचा हा काळ. सरकारने रिझाल यांना १८९२ मध्ये दापितान या दूरच्या गावी हद्दपार केले. तेथे ते रडत बसले नाहीत. त्यांनी मुलांसाठी शाळा चालविली, गावाला पाणी आणले, गरिबांवर उपचार केले. सेवाग्रामच्या परिसरात वाढलेल्या आपल्याला ही विधायक कार्याची रीत अनोळखी वाटू नये. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते.

मनिलाचा मान पवनारला का?

रॅमन मॅगसेसे यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९०७ चा. वडील लोहारकाम करीत. तरुणपणी रॅमन बस कंपनीत मेकॅनिक होते. जपान्यांविरुद्ध ते गनिमी काव्याने लढले, १९५० साली संरक्षणमंत्री झाले आणि १९५३ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष. अध्यक्षांच्या राजवाड्याचे दरवाजे त्यांनी सामान्य माणसांसाठी उघडले. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था केली. १७ मार्च १९५७ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी हा पुरस्कार सुरू करण्याचे ठरले. मूळ निधी अमेरिकेतील रॉकफेलर बंधूंच्या न्यासाचा होता, हेही नमूद केले पाहिजे. परंतु नाव फिलिपिनो माणसाचे, आणि पुरस्काराचे ठिकाण मनिला.

आता मुख्य प्रश्न. पवनारचा हा पायी चालणारा संन्यस्त माणूस मनिलाच्या नजरेत का भरला? मला याचे उत्तर जमिनीच्या प्रश्नात सापडते.

मॅगसेसे संरक्षणमंत्री झाले तेव्हा लुझोन बेटावर ‘हुक’ नावाने ओळखले जाणारे शेतकऱ्यांचे सशस्त्र बंड पेटलेले होते. कुळाने राबायचे आणि पिकाचा मोठा वाटा जमीनदाराने न्यायचा, हे त्याचे मूळ. मॅगसेसे यांनी सैन्य वापरले, पण शस्त्र खाली ठेवणाऱ्यांना जमीन देऊन वसविण्याची योजनाही आखली. केवळ बंदुकीने हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे तेलंगणात जमिनीसाठी रक्त सांडत होते. त्या प्रदेशात १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे हरिजन कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारले तेव्हा एका जमीनदाराने १०० एकर देऊ केले. भूदानाचा उगम तो. पुढे १९६४ पर्यंत विनोबा देशभर पायी फिरत राहिले.

एकाच्या हाती सरकार होते, दुसऱ्याच्या हाती काही नव्हते. परंतु ज्याच्या घामाने जमीन पिकते त्याची तिच्यावर मालकी का नसावी, हा प्रश्न दोघांपुढे एकच होता. १९५८ चा तो पुरस्कार म्हणजे एका कृषिप्रधान देशाने दुसऱ्या कृषिप्रधान देशातील माणसाला दिलेली ओळख होती.

दोघांनाही पूर्ण यश आले नाही, हे मान्य करावे लागेल. मॅगसेसे यांचे जमीनसुधारणेचे कायदे तेथील जमीनदारांच्या संसदेने बोथट केले. भूदानात लाखो एकर जमीन मिळाली, पण त्यातील कितीतरी नापीक निघाली आणि कितीतरी वाटलीच गेली नाही. प्रश्न तेथेही उरला आणि येथेही.

लोकशक्ती

विनोबा ‘लोकशक्ती’ हा शब्द आवर्जून वापरीत. तिचे एक दर्शन फिलिपिनो जनतेने जगाला घडविले. फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला. विरोधी पक्षनेते बेनिग्नो अक्विनो यांची २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली. त्या दिवसासाठी त्यांनी लिहून आणलेल्या निवेदनात महात्मा गांधींचा आधार घेतलेला होता. ते वाचण्याची संधी त्यांना मिळाली नाही. पुढे २२ ते २५ फेब्रुवारी १९८६ या चार दिवसांत लाखो माणसे मनिलाच्या रस्त्यावर उतरली. रणगाड्यांसमोर त्यांनी जपमाळा धरल्या, सैनिकांना फुले आणि खाऊ दिला. मार्कोस देश सोडून गेले आणि कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. ज्या विचाराची प्रयोगशाळा आपले सेवाग्राम होते, तो सात समुद्रांपलीकडे अशा रीतीने जिवंत झाला. २०२२ साली मात्र मार्कोस यांचेच पुत्र तेथे निवडून आले. लोकशाहीची राखण एकदाच करून भागत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

औषध, भात आणि राबणारे हात

फिलिपिनो माणसांचे इतरही ऋण आपल्यावर आहे. एरिथ्रोमायसिन हे औषध आपल्या तालुक्याच्या दुकानातही मिळते. त्याचा शोध १९४९ साली अबेलार्दो अगिलार या फिलिपिनो शास्त्रज्ञाने इलोइलो प्रांतातून पाठविलेल्या मातीच्या नमुन्यामुळे लागला. डॉ. फे डेल मुंडो या बालरोगतज्ज्ञ बाईंनी वीज नसलेल्या खेड्यांतील अशक्त बाळांसाठी बांबूची उबपेटी तयार केली. लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिने १९६६ मध्ये दिलेले ‘आय. आर. ८’ हे वाण आशियाभर पोचले. संस्था अनेक देशांची, पण माती त्यांची आणि चिखलात उभे राहणारे पायही बहुतांशी त्यांचेच. कार्लोस रोमुलो १९४९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले आशियाई अध्यक्ष झाले. पत्रकार मारिया रेसा यांना २०२१ साली शांततेचे नोबेल मिळाले.

परंतु ही नावे सांगून मी दादाला उत्तर देणार नाही. कारण तो म्हणाला ते खोटे नाही. लक्षावधी फिलिपिनो स्त्रीपुरुष परदेशी जाऊन घरकाम करतात, रुग्णालयांत परिचारिका म्हणून रात्री जागतात, जहाजांवर खलाशी म्हणून महिनोन् महिने समुद्रात राहतात. करोनाच्या साथीत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रुग्णांची सेवा करता करता कितीतरी फिलिपिनो परिचारिकांनी प्राण गमावले. दुसऱ्याची मुले सांभाळताना स्वतःची मुले आजीजवळ ठेवण्याचे दुःख त्यांच्या घराघरांत आहे. त्यांच्या देशात या माणसांना ‘बागोंग बायानी’ म्हणजे ‘नवे वीर’ म्हणतात. ‘बायानी’ शब्दाशी नाते सांगणारा त्यांचा दुसरा शब्द ‘बायानिहान’. शेजाऱ्याचे बांबूचे घर दुसरीकडे न्यायचे असले की सारा गाव ते खांद्यावर उचलतो, त्याला हे नाव. आपल्याकडच्या इर्जिकीचीच ही बहीण.

दादाच्या वाक्यात चूक होती ती ‘त्याइच्यावर काय लेख लिवतं’ या अर्ध्या भागात. जो दुसऱ्याच्या घरी राबतो त्याच्यावर लिहिण्यासारखे काही नसते, हा समज आपण सारेच बाळगतो.

मीही बाळगला. महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले. आम्हांला शेत नाही. माझे बाबा आणि आई दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जातात. आई निंदण करते, हंगामात कापूस वेचते. माझी पुस्तके आणि एस. टी. चा पास त्या कापसावर झाला. तरी मला ‘शेतमजुरी’ लिहिण्याची लाज वाटली, आणि ती पुसण्याची बुद्धी मला कोणत्याही पुस्तकाने दिली नव्हती.

एका लोहाराचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच्या नावाचा पुरस्कार भूमिहीनांसाठी जमीन मागत फिरणाऱ्या विनोबांना मिळाला. ते भूमिहीन म्हणजे आमचेच लोक होते. पुरस्काराचे नाव आपण पाठ केले, त्यामागची माणसे मात्र पाहिली नाहीत. फिलिपिनो लोकांनी १९५८ साली पवनार ओळखले होते. आपणही त्यांना थोडे ओळखावे, म्हणजे आपल्या शेजारी राबणारी माणसेही नीट दिसू लागतील, असे मला वाटते.

पुढील वर्षी अंतिम वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी खरे तेच लिहीन.