आखणी झाल्याशिवाय फोटो नाही

दुकानात फोटो काढायचे असतील तर आधी मालक कोण ते विचारा, कॅमेऱ्याची गोष्ट त्यानंतर काढा. पुण्याच्या पेठांमधल्या दुकानांची मांडणी मी बरीच वर्षं टिपत आले आहे. तुळशीबागेतली पितळी भातुकली, तांबट आळीतली मठारकाम केलेली घंगाळं, श्रावणात कुंभारवाड्यातल्या फळ्यांवर दाटीवाटीनं मांडलेल्या गणेशमूर्ती. या भटकंतीत मालकाला विचारायची सवय लागलीच होती; एका पोराला न विचारल्याची झळ बसलेली पाहिली, तेव्हापासून मी ती इतरांनाही आग्रहानं सांगते.

माझ्यासोबत फोटोग्राफी शिकणारी एक मुलगी यायची. एकदा ती एकटीच मूर्तींच्या एका दुकानात गेली. मालक जेवायला गेले होते. गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "काढा की ताई, त्यात काय!" तिनं मनसोक्त फोटो काढले आणि रात्री इन्स्टाग्रामवर टाकले. प्रत्येक मूर्तीच्या पाटाला किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि फोटोत ती स्वच्छ वाचता येत होती. मग एक गिऱ्हाईक तोच फोटो मोबाइलवर घेऊन दुकानात आलं. एवढ्याच उंचीची मूर्ती इथं या भावात दिसतेय, मग मला जास्त का सांगता? फोटोतली मूर्ती प्लास्टरची होती आणि गिऱ्हाइकाला हवी होती शाडूची. रंग चढल्यावर फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. मालकांनी गिऱ्हाइकाची समजूत घातली आणि पोराला सगळ्यांदेखत झापलं. त्या सीझनला तो पुन्हा गल्ल्यावर दिसला नाही. मुलगी मालकांना जाऊन भेटली, फोटो काढूनही टाकले, पण बोलणी त्या पोरानं खाऊन झाली होती.

फोटोला नाही म्हणणारा दुकानदार खडूस असतो, हा समज आधी डोक्यातून काढा. इथल्या मूर्तीचा फोटो घ्यायचा, दुसरीकडे दाखवायचा आणि "अशीच द्या, पण स्वस्तात" म्हणायचं, हा प्रकार मूर्तिकारांना नवा नाही. साड्यांच्या दुकानांत "फोटो काढू नये" अशी पाटी दिसते, तीही नक्षी उचलली जाईल या भीतीनंच. कोल्हापुरी चपलेचंच पाहा. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला झळकल्या, आणि त्यामागच्या भारतीय कारागिरीचा उल्लेख कंपनीनं केला तो इकडून ओरड झाल्यावर. ज्याच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, त्यानं कॅमेरा पाहून सावध व्हावं हे मला अगदी रास्त वाटतं.

भीतीपलीकडचंही एक कारण असतं, ते मला कुंभारवाड्यात कळलं. एका वयस्कर मूर्तिकारांनी सगळं ऐकून घेतलं, होकार दिला आणि वर म्हणाले, "आखणी होऊ द्या, मग काढा." मूर्तीचे डोळे रंगवायचं काम म्हणजे आखणी. काका ती करताना मी शेजारी बसले होते. केसासारखा बारीक ब्रश, करंगळी मूर्तीच्या गालाला अलगद टेकवलेली, श्वास रोखून एका दमात ओढलेली पापणीची रेघ. रेघ पुरी होईपर्यंत दुकानात कुणी मोठ्यानं बोललं नाही. डोळे नसलेल्या गणपतीचा फोटो चार लोकांत फिरावा, हे त्यांना मान्य नव्हतं. अशी अट विचारल्याशिवाय आपल्याला कळणार कुठून?

रस्त्यावरून जे दिसतं ते टिपायला परवानगी कशाला, असं तरुण मंडळी मला सांगतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम अशी मुभा देतं, पण ती सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाला. चौकातला पुतळा त्यात बसेल. विकायला चार दिवस फळीवर ठेवलेली मूर्ती बसवणं अवघड आहे. आणि उंबरठ्याच्या आत तर जागाच दुकानदाराची.

सकाळी भवानी व्हायच्या आत जाऊ नका. दुपारी गर्दी ओसरल्यावर, कॅमेरा पिशवीत ठेवूनच जा. आपलं नाव, फोटो कशासाठी हवेत, ते कुठं छापले किंवा टाकले जाणार, त्यातून पैसे मिळणार का, हे सगळं न विचारता सांगा. "सहज, आवड म्हणून" असं सांगून काढलेले फोटो पुढं छापायची वेळ आली तर पुन्हा जाऊन विचारावं लागतं, तिथं आळस करू नका. किमतीच्या चिठ्ठ्या दिसलेल्या चालतील का, दुकानाचं नाव द्यायचं का, हेही बोलून घ्या. चिठ्ठी हलवायची झाली तर ती त्यांनाच हलवू द्या. शाडूची मूर्ती फार नाजूक, आपण हात लावायचा नाही.

भाऊ-भाऊ मिळून धंदा करत असतील तर दोघांच्याही कानावर घाला. फोटो निवडून झाले की मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "हे छापतेय, चालतील ना?" असं विचारा. त्यांचं "चालेल" जपून ठेवा. उद्या घरातल्या दुसऱ्या कुणी हरकत घेतली तर तेवढं दाखवता येतं.

नाही म्हणाले तर समोरच्या फुटपाथवरून झूम लावून तोच फोटो काढू नका. पुढच्या वर्षी शेजारच्या दुकानात काढलेल्या फोटोंच्या प्रती घेऊन पुन्हा विचारा. माझ्या अनुभवात असे बरेच नकार मावळले आहेत. आणि मूर्ती निवडायला आलेल्या कुटुंबाचे चेहरे फोटोत येणार असतील तर त्यांना वेगळं विचारा, मालक त्यांच्या वतीनं होकार देऊ शकत नाहीत. सोबत लहान मूल असेल तर आईवडिलांना स्क्रीनवर फोटो दाखवा आणि नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच तो काढून टाका.