उंची आणि रंग

शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१-१३

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा भाग पुन्हा एकदा सावकाश वाचावा. शमुवेल हा बालपणापासून परमेश्वराची वाणी ऐकलेला संदेष्टा. तरी इशायाच्या घरी उंचापुरा अलियाब दिसताच तो मनात निवड करून मोकळा होतो. सातव्या वचनात देव त्याला थांबवतो.

येथे हुबळीस, देशपांडे नगरातील आमच्या वर्गात मुलांना दाविदाचे चित्र रंगवावयास दिले होते. बहुतेकांनी चेहऱ्यास गुलाबी खडू लावला. कारण विचारता एक मुलगी म्हणाली, "सर, चांगली माणसे गोरी असतात ना?" आम्हांस उत्तर चटकन सुचले नाही. बारावे वचन दाविदाला तांबूस व देखणा म्हणते खरे. पण निवडीचे कारण ते नव्हे, हे देवाने आधीच सांगून ठेवले आहे. पुढल्या रविवारी आम्ही त्या मुलांना चार्ल्स मॅकगी यांचे चरित्र सांगितले.

मॅकगी हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय. जन्म ७ डिसेंबर १९१९, क्लीव्हलंड येथे. वडील आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल मंडळीचे पाळक. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाच्या शाळाही बदलत. आई लवकर वारली.

त्या काळी अमेरिकन सैन्यात शमुवेलाचीच चूक कागदावर उतरली होती. १९२५ साली तेथील सैनिकी महाविद्यालयाने अहवाल केला, की काळ्या मनुष्याच्या अंगी बुद्धी व धैर्य कमी असते. विमान चालवणे तर दूरच! पुढे दुसरे महायुद्ध आले, लोकांनी नेट धरला, आणि १९४१ साली अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. तेही वेगळ्या तळावर. मॅकगी तिकडे निघाले तेव्हा दक्षिणेची हद्द लागताच त्यांना आगगाडीत डबा बदलावा लागला. देशासाठी प्राण देण्यास निघालेला तरुण, आणि बसण्याची जागा ठरली कातडीवरून.

३० जून १९४३ रोजी ते वैमानिक झाले. इटलीतील तळावरून त्यांचे पथक बॉम्बफेकी विमानांच्या राखणीस जाई. (या पथकाने राखणीतले एकही विमान गमावले नाही असे सांगतात. नोंदी पाहता काही गमावली होती. शिक्षकांनी ती दंतकथा सांगू नये. खरे तेवढे पुरेसे आहे.) सैन्यातील वर्णभेद मोडण्याची आज्ञा १९४८ साली निघाली. मॅकगी पुढे कोरियात व व्हिएतनामातही लढले. तिन्ही युद्धांत मिळून ४०९ उड्डाणे! १९७३ साली ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. ब्रिगेडियर जनरल हा मानाचा हुद्दा २०२० साली मिळाला, तेव्हा वय शंभर. १६ जानेवारी २०२२ रोजी त्यांना देवाज्ञा झाली.

वर्गातील एक पालक म्हणाले, "हे तिकडचे झाले." तिकडचेच का? पहिल्या महायुद्धात हरदितसिंग मलिक यांना ब्रिटिश विमानदलाने प्रथम घेतलेच नाही. फ्रेंचांसाठी रुग्णवाहिका चालवून ते थांबले होते. १९१७ साली दार किंचित उघडले तेव्हा आत गेलेल्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पाडले गेले व ते मरण पावले.

आणि आपल्या मंडळ्यांत? मुलगी पाहावयास जाताना पहिला प्रश्न रंगाचा असतो. दुसरा आडनावाचा, म्हणजे आजोबा कोणत्या जातीतून आले याचा. उपासनेत एकाच भाकरीचे भागीदार होणारे आपण हे प्रश्न कुजबुजत का होईना, विचारतोच. आम्हीही एका स्थळाच्या वेळी विचारले होते. लाज वाटते, पण शिक्षकांपासून लपवून काय उपयोग?

वर्गासाठी सूचना : मुलांना सातवे वचन तोंडपाठ करावयास द्यावे. मग इशायाच्या आठही मुलांचे चित्र काढू द्यावे. खडूंच्या पेटीत तपकिरी खडू पुरेसे आहेत ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे. आमच्या पेटीत एकच होता, तोही तुटका.