उष्णतेचा जमाखर्च

उष्णता व उष्णतामान हे दोन शब्द व्यवहारात आपण एकाच अर्थाने योजतो. परंतु पदार्थविज्ञानात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. पदार्थ किती तापला आहे हे उष्णतामान सांगते. त्याने उष्णता किती घेतली अथवा दिली हे मात्र त्याच्या वजनावर आणि जातीवरही अवलंबून असते. हा भेद स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी स्पष्ट केला.

एक ग्रॅम पाण्याचे उष्णतामान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणाऱ्या उष्णतेस एक कॅलरी म्हणतात. हल्ली शास्त्रात जूल हे एकक वापरतात. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ जूल.

वाकड, पिंपरी-चिंचवड व चाकण हा कारखान्यांचा प्रदेश; येथे लोखंडी नट मिळण्यास अडचण नाही. २०० ग्रॅम वजनाचे नट दोऱ्यात ओवून वडील माणसांच्या देखरेखीखाली उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवावेत. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांवर उकळते. नंतर ते नट झटकून २५ अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात त्वरेने सोडावेत व पाणी ढवळून तापमापी पाहावा. दोहोंचे वजन सारखे, म्हणून मधला आकडा ६१.५ येईल असे वाटते. प्रत्यक्षात पारा ३२ च्या आसपासच थांबतो!

असे का व्हावे? लोखंडाची विशिष्ट उष्णता केवळ ०.११ आहे, म्हणजे त्यास तापविण्यास पाण्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुरते. लोखंडाने दिलेली उष्णता पाण्याने घेतलेल्या उष्णतेबरोबर असली पाहिजे. अखेरचे उष्णतामान क्ष मानल्यास,

२०० × ०.११ × (९८ − क्ष) = २०० × (क्ष − २५)

यावरून क्ष = ३२.२ अंश.

हा जमाखर्च जुळावयाचा तर उष्णतेची गळती थांबविली पाहिजे. उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी निसटते. म्हणून प्रयोगशाळेतील कॅलरीमापी एका मोठ्या भांड्यात बसवून मध्ये लोकर अथवा कापूस भरतात, हे वहनाविरुद्ध. झाकणामुळे अभिसरण रोखले जाते, आणि चकचकीत पृष्ठभागामुळे प्रारण कमी होते. भांडेही थोडी उष्णता घेते. काटेकोर गणितात तिचाही हिशेब धरावा लागतो.

पाण्याच्या या मोठ्या विशिष्ट उष्णतेचा उपयोग आपल्या भोवतालच्या कारखान्यांत रोज होतो. लेथवर धातू कापताना हत्यारावर कूलंट नावाचे दुधाळ पाणी सोडतात, ते घर्षणाची उष्णता वाहून नेण्यासाठीच. काउंट रम्फर्ड यांनी म्युनिक येथे तोफेस भोक पाडताना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने अडीच तासांत पाणी उकळविले व १७९८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उष्णता हा पदार्थ नसून गतीचेच एक रूप आहे, हा विचार त्यातून बळावला.

आता घरातील एक गोष्ट. उकळते पाणी व त्याची वाफ यांचे उष्णतामान एकच; तरी वाफ अधिक भाजते. एक ग्रॅम उकळते पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना त्वचेस सुमारे ६१ कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ मात्र पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्णता देते, आणि वर त्या ६१ आहेतच. म्हणजे जवळजवळ दहापट! म्हणून कुकरचे झाकण वाफ गेल्यावाचून उघडू नये, आणि तापलेल्या मोटारीच्या रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये.

भाजलेच, तर त्वचेत शिरलेली उष्णता आत आत वाहतच असते. म्हणून तो भाग तात्काळ नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, तूप अथवा टूथपेस्ट लावू नये. इजा मोठी असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

अभ्यासासाठी प्रश्न : वरील प्रयोगात लोखंडाऐवजी २०० ग्रॅम ॲल्युमिनियम (विशिष्ट उष्णता ०.२२) घेतल्यास अखेरचे उष्णतामान किती येईल? (उत्तर : सुमारे ३८.२ अंश.)