घोरणं थांबतं तेव्हा

घोरण्याचा आवाज चढत जातो आणि मध्येच एकदम बंद पडतो. छाती हलत असते, पोट आत ओढलं जात असतं, पण नाकातोंडातून हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. मग घशातून खर्रकन मोठा श्वास येतो, अख्खं अंग दचकतं, माणूस कूस बदलतो आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सगळं ठाऊक असतं. म्हणून स्लीप ॲप्निया या आजारात रोग्याच्या तक्रारीपेक्षा घरच्यांनी जे पाहिलं, ऐकलं ते जास्त मोलाचं ठरतं. साताऱ्यात आमच्या घरी जे घडलं ते त्यासाठीच लिहिते आहे.

आमच्याकडे घोरणं पिढीजात. सासरे घोरायचे, चुलत सासरे घोरायचे. ‘दिवसभर राबतोय, गाढ झोप लागलीय’ असं सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. आपल्याकडे मोठ्याने घोरणं हे कष्टाळू माणसाच्या बिनघोर झोपेचं लक्षण समजलं जातं. या आजारात होतं नेमकं उलटं. झोप गाढ होऊ लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकून वाट बंद करतात. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू धोका ओळखतो आणि माणसाला पुरतं जागं न करता झोपेतून वर खेचतो. श्वास येतो, पुन्हा झोप लागते, पुन्हा घसा मिटतो. रात्रभर हेच चालतं. आठ तास अंथरुणात काढूनही माणूस सकाळी थकलेला उठतो तो यामुळे.

माझे यजमान सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक. काम सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत. पन्नाशी ओलांडली आणि एकेक दुखणं सुरू झालं. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडंठाक. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू, तरी खालचा आकडा शंभराच्या खाली उतरेना. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचे, म्हणून साखर तपासली, मग प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली. दोन्ही ठीक. लग्नात अक्षता पडेपर्यंत पेंग यायची, संस्थेच्या सभेत अहवाल वाचला जात असताना मान खाली जायची. स्वभाव मूळचा शांत, पण क्षुल्लक गोष्टीवरून चिडायला लागले. दर तक्रारीला वेगळे डॉक्टर, वेगळी गोळी. ‘रात्री झोपेत काय होतं?’ हे कुणी विचारलं नाही. श्वास अडला की हृदयावर ताण येतो, हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि लघवी वाढते, हे आम्हाला फार पुढे समजलं.

मग ती रात्र आली. उसाचा हंगाम ऐन भरात होता. सांगलीचं काम आटोपून हे मुलाबरोबर साताऱ्याला परत येत होते, गाडी हेच चालवत होते. आष्टा मागे टाकल्यावर, पेठ नाक्याच्या अलीकडे, पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मुलाने आधी ओरडून पाहिलं, मग स्टिअरिंग धरून ओढलं. गाडी रस्त्याच्या कडेच्या चारीत उतरली. बाहेर आलेल्या उसाच्या टोकाने डाव्या बाजूची काच फुटली होती. कुणाला लागलं नाही. ‘माझा डोळा लागलाच नव्हता, मी समोर बघत होतो’ असं हे शपथेवर सांगत होते, आणि खोटं बोलत नव्हते. झोपेची अशी तूट साठली की काही सेकंदांची डुलकी येते, कधी तर डोळे उघडे असतानाही, आणि आली होती हे त्या माणसाला कळत नाही.

अशाच डुलकीमुळे १ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एक लोकल गाडी रुळांवरून घसरली. वळणावर ताशी ३० मैलांची मर्यादा होती, गाडी ८२ मैलांच्या वेगात होती. चार माणसं गेली. चालकाला तीव्र स्लीप ॲप्निया होता, आणि तो कुणी ओळखलेला नव्हता, हे तपासात निघालं. आपल्या रस्त्यांवर रात्री ट्रक हाकणारे, कारखान्याच्या खेपा करणारे, मुक्कामी एसटी नेणारे कितीजण असेच असतील, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. मालक मंडळींनी चालकाचं लायसन बघतानाच ‘घोरतोस का, दिवसा पेंग येते का’ एवढं विचारलं तरी बरंच काही टळेल.

माझं माहेर सांगलीचं. त्या रात्रीनंतर भावाने हट्टाने आम्हाला मिरजेला नेलं. डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलच्या काळापासून दक्षिण महाराष्ट्र आणि शेजारच्या कर्नाटकातले रोगी मिरजेची वाट धरतात, आम्हीही धरली. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी यांना खुर्चीत बसवलं आणि प्रश्न मला विचारायला घेतले. ‘वहिनी, श्वास थांबलेला तुम्ही स्वतः पाहिलाय का?’ मी मोबाइलवर घेतलेलं चित्रण दाखवलं. डॉक्टरांनी आवाज बंद करून नुसतं पांघरुणाकडे बघितलं. पांघरूण वर-खाली होत होतं, म्हणजे छाती झटत होती, तरी श्वास नव्हता. मग टेप घेऊन त्यांनी यांच्या गळ्याचा घेर मोजला. ४४ सेंटिमीटर. पुरुषाचा गळा साधारण ४३ सेंटिमीटरच्या, म्हणजे १७ इंचांच्या, पुढे असेल आणि बाईचा ४१ च्या पुढे, तर शंका घ्यायला जागा असते. शर्टाच्या कॉलरचं माप बघूनही हे घरच्या घरी कळतं.

तपासणीला फार मोठा खटाटोप लागला नाही. छातीला एक पट्टा, नाकापाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, आणि हे सगळं नोंदवणारी छोटी डबी. ती घेऊन आम्ही भावाच्या घरी सांगलीत मुक्काम केला. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे, किंवा घरच्या तपासणीत नीट काही कळत नाही, त्यांना रात्रभर स्लीप लॅबमध्ये ठेवून मेंदूच्या लहरींसकट सगळं तपासतात. अहवालात बघायचा मुख्य आकडा म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला. ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. यांचा आकडा ४८ आला. प्राणवायू ७१ टक्क्यांपर्यंत उतरत होता. करोनाच्या दिवसांत बोटावरचा आकडा नव्वदीला आला तरी घरोघरी धावपळ व्हायची, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इथे त्याच्या कितीतरी खाली रोज रात्री उतरत होता आणि घरात सगळे निवांत होते.

अशी वर्षं गेली की शरीर त्याची किंमत मोजतं. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, आटोक्यात न येणारी साखर, या सगळ्यांशी या आजाराचा संबंध आहे. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि ते पहिल्यांदाच घराघरांत पोचलं. आजार मात्र काही नवा नव्हता. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात साडेसात टक्के पुरुषांत दिवसाच्या त्रासासकट हा आजार आढळला. दर तेरा-चौदा पुरुषांत एक.

आमचा भाग कुस्तीचा, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. तालीम सुटलेली, खुराक न सुटलेला, गर्दन जाड आणि वजन शंभराच्या पुढे गेलेला पैलवान गावोगावी आहे. ‘एवढा दणकट माणूस, त्याला काय होतंय?’ या समजुतीवर विसंबू नये. रेजी व्हाइट हा अमेरिकन फुटबॉलचा अतिशय ताकदवान खेळाडू २००४ मध्ये ४३ व्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूला स्लीप ॲप्नियाचाही हातभार असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. उलट बाजूही आहे. अंगाने सडसडीत, पण खालचा जबडा लहान किंवा मागे असलेल्या माणसालाही हा आजार होतो.

तीव्र आजारावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सीपॅप. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी तो १९८१ साली जगापुढे मांडला. उशाशी छोटं यंत्र, त्याला नळी, नळीच्या टोकाला मास्क. यंत्र ठरावीक दाबाने हवा सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. यात औषध नाही, प्राणवायूचा सिलिंडर नाही, आपल्या खोलीतलीच हवा. ‘एकदा लावलं की सवय लागेल’ अशी भीती लोक घालतात, तिच्यात तथ्य नाही. चष्मा लावला म्हणून डोळ्यांना सवय लागत नाही, तसंच हे.

पहिले दिवस मात्र कठीण जातात, हे मी लपवणार नाही. यांना आधी नाक आणि तोंड झाकणारा मास्क दिला होता. भरघोस मिशीमुळे तो ओठावर बसेना, कडेने सुटलेली हवा थेट डोळ्यांत जायची, फुस्सफुस्स आवाजाने दोघांची झोप मोडायची. अर्ध्या रात्री हे झोपेतच मास्क काढून फेकायचे. मिशी काढायला यजमान तयार नव्हते आणि त्याची गरजही पडली नाही. नाकपुड्यांपाशी बसणारी छोटी गादी असलेला मास्क मिळतो, तो बसला. यंत्र घेताना दोन-तीन तऱ्हेचे मास्क लावून, आडवं पडून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरीकडे जा. जमल्यास आधी महिनाभर भाड्याने घ्या. संध्याकाळी बातम्या बघताना मास्क लावून बसायचं, म्हणजे झोपताना तो परका वाटत नाही. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज करून घ्या. घसा कोरडा पडत असेल तर यंत्राला पाण्याचं भांडं जोडता येतं; त्यात डिस्टिल्ड पाणी घालावं आणि भांडं रोज धुवावं. रात्रीतून निदान चार तास तरी यंत्र लागलंच पाहिजे, खरं तर झोपेचा सगळा वेळ. यंत्र किती तास चाललं, हवा किती गळाली, याची नोंद त्यातच असते. डॉक्टरांकडे जाताना ती न्या.

आमच्याकडे पहिला फरक रात्रीच्या लघवीत पडला, ती जवळजवळ थांबली. मग सकाळची डोकेदुखी गेली. पुढे रक्तदाब उतरला आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. गोळी डॉक्टरांनीच कमी करायची, आपल्या मनाने नाही. यंत्राची सवय होऊन दिवसाची पेंग पुरती जाईपर्यंत गाडी मुलाने चालवली, आणि त्यात आम्ही तडजोड केली नाही.

खेड्यात किंवा पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी विजेचा विचार आधी करावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तसे दिवस आले तर यंत्र बंद पडतं. इन्व्हर्टर किंवा यंत्राची वेगळी बॅटरी असावी. ती नसेल त्या रात्री उताणं झोपू नये, कुशीवर आणि डोकं-छाती उंच ठेवून झोपावं.

सीपॅप नकोच असेल तर? सौम्य किंवा मध्यम आजारात दंतवैद्य जबड्याच्या मापाने एक साधन बनवून देतात, ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. उताणं झोपल्यावरच श्वास अडत असेल तर कुशीवर झोपण्याने बराच फरक पडतो. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठ रुग्णांच्या मध्यम आणि तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. भारतात ते २०२५ पासून मधुमेह आणि लठ्ठपणासाठी मिळतं, पण तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. घशाच्या शस्त्रक्रियेचा उपयोग काहींना होतो, सगळ्यांना नाही. अडथळा नेमका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय तिला होकार देऊ नका. रात्रीची दारू मात्र ताबडतोब बंद करा आणि झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. दोन्हींमुळे घसा आणखी सैल पडतो आणि मेंदूची जाग उशिरा येते. ‘घोरणं बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिमट्यांवर आणि तेलांवर पैसे घालवू नका.

बायकांचा आजार तर सहसा कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्या सांगलीच्या आत्या फारशा घोरत नाहीत, पण रात्री झोप मोडते, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. पाळी गेल्यापासूनचा थकवा, थायरॉइड, मनावरचा ताण, अशी सगळी कारणं सांगून झाली. त्यांचाही आकडा २२ निघाला. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हे प्रमाण वाढतं, आणि बाई घोरते असं डॉक्टरांसमोर सांगायला घरचेही संकोचतात. तो संकोच सोडा. लहान मूल रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल आणि शाळेत चुळबुळ करत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मुलांमध्ये बहुतेकदा टॉन्सिल आणि नाकामागची वाढलेली गाठ कारण असते आणि ती काढली की बरीच मुलं सुधारतात.

आणि एक. हर्निया असो, पित्ताशयातले खडे असोत, गुडघ्याचं ऑपरेशन असो, भूल घ्यायची वेळ आली की भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्नियाचं आधी सांगा, अहवाल दाखवा आणि यंत्र मास्कसकट दवाखान्यात सोबत न्या. भुलीनंतरच्या आणि वेदनाशामक इंजेक्शनांच्या झोपेत घसा नेहमीपेक्षा जास्त मिटतो. तपासणी झाली नसेल पण श्वास अडताना तुम्ही पाहिलं असेल, तर तेही सांगा. रोगी स्वतः ते सांगू शकणार नाही.