घंटाघराच्या पायथ्याशी नांगर व माग

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५, ३:१७-१९, ४:२०-२२.

इटली देशातील फ्लॉरेन्स शहरात मुख्य ख्रिस्ती मंदिराशेजारी एक प्राचीन घंटाघर आहे. प्रख्यात चित्रकार जिओत्तो याने १३३४ साली त्याचे काम आरंभिले. १३३७ साली तो मरण पावला. पुढे आंद्रेआ पिसानो व फ्रान्चेस्को तालेन्ती यांनी ते चालविले, आणि १३५९ साली ते पुरे झाले. त्याची उंची सुमारे ८५ मीटर असून वर जाण्यास ४१४ पायऱ्या चढाव्या लागतात.

बहुतेक प्रवासी वर चढण्याची घाई करितात. परंतु वाचकहो, आपण मनाने तेथे जाऊन पायथ्याशीच थांबू. तेथे षट्कोनी शिळांवरील कोरीव चित्रांची रांग आहे. मूळ शिळा आता जवळच्या संग्रहालयात असून त्यांच्या जागी हुबेहूब नकला बसविल्या आहेत. पहिल्या चित्रात आदामाची व दुसऱ्यात हव्वेची उत्पत्ती आहे. तिसऱ्यात आदाम जमीन खणीत आहे व हव्वा सूत कातीत आहे. नंतर मेंढरांसह तंबूत बसलेला याबाल, वाद्य वाजविणारा युबाल, ऐरणीपाशी बसलेला तुबल-काइन व द्राक्षमळ्यातील नोहा. इतर बाजूंस मागावर विणणारी स्त्री, बैलजोडीने नांगरणारा शेतकरी, भिंत बांधणारे गवंडी हेही आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हव्वेची उत्पत्ती व आदामाचे श्रम यांच्यामध्ये पापात पडण्याचे चित्र नाही. श्रम हा केवळ शाप होय, असे आमचे कित्येक बंधू समजतात. पण शास्त्र पाहा : बागेची मशागत करण्याचे काम देवाने दुसऱ्या अध्यायात सोपविले, पाप तिसऱ्या अध्यायात आले. पापामुळे कामात कष्ट व घाम शिरला, परंतु काम त्यापूर्वीचेच आहे.

आपल्या गावांत धंद्यावरून मनुष्याची योग्यता ठरवितात. ही समजूत मंडळीतही शिरते. शिकलेला मुलगा बापाच्या हत्यारास हात लावण्यास लाजतो. ज्या कामात जुलूम व अपमान सोसावा लागतो ते देवाने नेमिले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो जुलूम मनुष्यांचे पाप होय, व ते काम सोडण्यास कोणी भिऊ नये. पण प्रामाणिक श्रमाची लाज कशाला? प्रभू स्वतः सुतार होता व पौल तंबू करीत असे. घंटा प्रार्थनेस बोलाविते. प्रार्थनेहून उठून नांगर धरणारा हातही त्याच देवाची सेवा करितो.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न :
१. मनुष्यास काम पापापूर्वी मिळाले की नंतर?
२. पापाने कामात कोणता फरक पडला?
३. आपल्या मंडळीत कोणाच्या धंद्यास आपण हलके लेखितो काय?